इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये शॉर्टफॉर्मवरून खरंच इतके घोळ होतात का?

होतात. निम्मे तर मीच घातलेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मी मूळचा नगरचा (अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही), घरचं चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), शिक्षण सिव्हिल, आणि बायको नर्स, तिला इकडे नोकरी लागली म्हणून तिच्या मागोमाग इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात येऊन पडलो. गावात चर्च एकच, चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हटलं चला, सीएनआयमध्ये १९७० साली जी चर्चेस एकत्र आली त्यात अँग्लिकन होतेच की, म्हणजे लांबचं का होईना नातं आहे, आपल्याला काय अवघड जाणार.

पहिल्याच रविवारी दारातला बोर्ड. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ एमपी. रविवार सकाळी ८ एचसी, पुढे कंसात बीसीपी. गुरुवार दुपारी एमयू. बायको म्हणाली, इथला खासदार रोज सकाळी भेटतो वाटतं, आणि रविवारी हायकोर्ट? आता एमपी म्हणजे मॉर्निंग प्रेअर, एचसी म्हणजे होली कम्युनियन, आपलं प्रभुभोजन, आणि बीसीपी म्हणजे बुक ऑफ कॉमन प्रेअर, १६६२ सालचं, अजून त्याच जुन्या इंग्रजीत म्हणतात, आणि त्या आठच्या भक्तीला येणारी ठरलेली मंडळी असतात, त्यांच्यापुढे नव्या पुस्तकाचं नाव काढायचं नाही. एमयूवरून आमच्या मुलाला वाटलं की हॉलमध्ये मँचेस्टर युनायटेडची मॅच दाखवतात, सुट्टी होती, गेला पळत, तर तिथे सात-आठ आज्या आणि लिंबाचा केक. मदर्स युनियन ती, मेरी समनर बाईंनी १८७६ मध्ये सुरू केलेली. केक होता म्हणून पोराची काही तक्रार नव्हती, पुढच्या गुरुवारी परत गेला.

पण खरा मान पीसीसीचा. भक्तीनंतर कॉफी पिताना एक वॉर्डन (चर्चवॉर्डन हो, चर्चची व्यवस्था बघणारे, हॉस्टेलचा नाही) हॉलच्या फरशीबद्दल वैतागून सांगत होते, म्हणे सगळा प्रॉब्लेम पीसीसीचा आहे. मी सिव्हिलवाला. पीसीसी म्हणजे प्लेन सिमेंट काँक्रीट, फरशीखाली टाकतात ते. मी विचारलं, किती जुनी आहे? म्हणाले, काही जण तर तीस वर्षांचे आहेत. ‘काही जण’ ऐकूनही डोक्यात प्रकाश पडला नाही, मी म्हटलं तीस वर्षं म्हणजे झालीच की, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, सगळी फोडून काढा, मलबा बाहेर टाका आणि एका दिवसात नवी ओता. वॉर्डन दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, मी हे वीस वर्षं मनात म्हणतोय, बोलायची हिंमत झाली नव्हती.

पॅरोकिअल चर्च कौन्सिल. चर्चचा कारभार बघणारी कमिटी, आपल्याकडची पास्टोरेट कमिटी समजा. पण यांच्याकडे १९२१ च्या कायद्याने तिला अधिकार मिळालेत, पैसा, इमारत, दुरुस्ती सगळं तिच्या हातात, त्यामुळे पीसीसीशिवाय खुर्ची हलत नाही, आणि पीसीसीमुळेही हलत नाही.

घरी येऊन सांगितलं तर बायकोचं वेगळंच. तिची पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, व्हिसासाठी हेलपाटे मारून काढलेलं. पुढे व्हिकरबाईंनी (म्हणजे इथल्या पाळकबाईंनी) ‘पीसीसीवर येता का’ विचारलं तर ही म्हणते, आमची देऊन झाली, फाइलला आहे. त्यात भर म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात दारात पत्रकं पडायला लागली, पीसीसीच्या निवडणुकीत मतदान करा. मी म्हटलं वा, गावातल्या चर्चची कमिटी आणि एवढा प्रचार! तर ते पोलीस अँड क्राइम कमिशनर, पोलिसांवर देखरेखीला लोकांनी निवडून द्यायचा माणूस. आपण कॉमनवेल्थवाले म्हणून आपल्यालाही मत देता येतं, दिलं.

आता म्हणाल, बाहेरून आलेला माणूस चुकणारच. पण इथल्यांचेही होतात. रविवारच्या पत्रकात एका रिटायर्ड पाळकांच्या नावापुढे पीटीओ छापलेलं होतं, म्हणजे परमिशन टू ऑफिशिएट, निवृत्तीनंतर बिशपने दिलेली परवानगी. माझ्या शेजारच्या आजींनी पान उलटलं. मागे फुलांची पाळी कुणाची त्याची यादी. मग मलाही राहवलं नाही, मीही उलटलं, दहावीच्या पेपरपासूनची सवय. दहावीवरून आठवलं, एका पाहुण्या फादरांच्या नावापुढे एसएससी होतं. मला वाटलं केवढा नम्र माणूस, मॅट्रिक पास झाल्याचं अजून लिहितो. ती सोसायटी ऑफ द होली क्रॉस, १८५५ ची, लॅटिन नावावरून एसएससी.

हल्ली एलएलएम. काही डायोसीजमध्ये (एकेका बिशपच्या हाताखालचा भाग) रीडरला, म्हणजे पाळक नसून उपदेश करायची परवानगी असलेल्या माणसाला, लायसन्स्ड ले मिनिस्टर म्हणतात. पत्रकात आलं, या रविवारी उपदेश आमचे एलएलएम करतील. तरुण मंडळींनी एआय उपदेश करणार समजून मोबाइल काढून ठेवले रेकॉर्डिंगला. आले आमचे नेहमीचे निवृत्त भूगोलाचे मास्तर.

आणि सगळ्यात कहर संस्थेनेच केला. एसपीजी ही १७०१ सालची जुनी मिशन संस्था, आमच्या नगरला तिचं काम होतं. १९६५ पासून ती यूएसपीजी झाली. २०१२ मध्ये कुणाला तरी वाटलं की नाव सुटसुटीत हवं, आणि ठेवलं काय, तर ‘अस’. लिहिलेलं दिसतं ते अमेरिकेसारखं, बोललं की वाटतं ‘आम्ही’. ‘आम्हाला देणगी द्या’ म्हणजे नक्की कुणाला? २०१६ मध्ये गुपचूप परत यूएसपीजी. तसं आमच्याकडेही आजी ‘मी एसपीजीत शिकले’ म्हणायची तेव्हा माझे मित्र बिचकायचे, त्यांना पंतप्रधानांच्या मागचे काळे चष्मेवाले आठवायचे.

असो, गेल्या वर्षीच्या एपीसीएममध्ये (वार्षिक सभा हो) मी पीसीसीवर निवडून आलो, उमेदवार कमी आणि जागा जास्त अशा चुरशीच्या लढतीत. लगेच डीबीएसचा फॉर्म हातात दिला, म्हणजे काय तर पोलीस रेकॉर्ड तपासणी, बायको म्हणाली बघ, मी म्हणत होते ना. नगरला पप्पांना फोन करून सांगितलं, पीसीसीवर निवडून आलो. ते रोज दोन पेपर वाचणारे, त्यांच्यासाठी पीसीसी म्हणजे प्रदेश काँग्रेस कमिटी. थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात म्हणाले, तिकडे जाऊन हे धंदे? बरं, गट कुठला?

मी म्हटलं, पप्पा, दोनच आहेत, जुनी बाकं काढणारे आणि ठेवणारे. ते म्हणाले, मग थोडे दिवस बघ, लगेच कुणाबरोबर जाऊ नकोस.