साठवलेलं शिजव

प्रिय मुला,

तुझी यादी दोनदा वाचली. शंभर किलो गहू, पन्नास किलो तांदूळ, पंचवीस किलो राजमा, झाकणाच्या बादल्या, हवा शोषणाऱ्या पुड्या, आणि सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखा प्रश्न: ‘एवढं पुरेल का, की हा वेडेपणा आहे?’ रात्री बाळाला खांद्यावर टाकून एका हाताने हे टाइप केलं असणार तू. दिवसभर एक जण सांगतो वर्षभराचं भरून ठेव, दुसरा म्हणतो दुकानं कुठे पळून चालली आहेत, आणि तू मधे अडकलास.

घरात तान्हं मूल आणि तुझी थकलेली आई असताना काही साठवावं की नाही, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. साठवायचंच आहे. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढ्या लांबलचक यादीत तुम्ही रोज काय खाता, ते कुठेच नाही. तुमच्याकडे राजमा महिन्यातून एकदा होतो, तोही तुला एकट्याला आवडतो म्हणून. हे तूच मला सांगितलं होतंस. मग पंचवीस किलो कुणासाठी?

जे रोज शिजतं तेच साठव, आणि साठवलेलं शिजव. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलास तरी वाच.

तुझ्या वयाची होते तेव्हा माझीही अशीच यादी होती. जिन्याखाली तीन पिंपं: एकात गहू, एकात तांदूळ, एकात राजमा आणि हरभरा. झाकणं घट्ट बसवली, वर सतरंजी टाकली आणि पाच वर्षं निर्धास्त राहिले. रोजचा स्वयंपाक दुकानातून आणलेल्या सामानावर, पिंपातलं फक्त अडचणीसाठी. हे दोनदा म्हणाले, एकदा उघडून तर बघ. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. मोठ्या ठसक्यात म्हटलं.

मग पूर आला. रस्ता तुटला, वीज गेली आणि नऊ दिवस आमच्यापर्यंत कुणी पोचलं नाही. तांदळाचं झाकण काढलं तर आत सोंडे वळवळत होते. गव्हाच्या तळाला ओल धरली होती, हिरवट बुरशीचा गोळाच निघाला. वरचा गहू बरा होता, पण तो दळायचा कशावर? चक्की विजेची. राजमा रात्रभर भिजवला, दुसऱ्या दिवशी तीन तास शिजवला, तरी दाताखाली खडा लागावा तसा. तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. तो त्या राजम्यानेच संपवला. सासूबाईंचे दात तेव्हा पडले होते. दोन दिवस त्यांनी गूळ-पाण्यावर काढले आणि मला म्हणत राहिल्या की पोट जड आहे. पाचव्या दिवशी शेजारीण भांडंभर मऊ भात आणि मसुराचं पातळ कालवण घेऊन आली. सासूबाईंनी भांडं पुसून खाल्लं. मी समोर बसून बघत होते.

त्या शेजारणीच्या घरी एकही पिंप नव्हतं. तिच्या फडताळात रोजच्या डब्यांमागे डब्यांची दुसरी रांग होती, तेवढंच. पुढचा डबा संपला की मागचा पुढे यायचा आणि नवीन आणलेलं मागे जायचं. तिला कधी ‘साठा उघडायची’ वेळच आली नाही, कारण तो तिने कधी बंदच केला नव्हता.

त्यानंतर मी हट्टाने शिकले. सोंडे झाकणाच्या फटीतून शिरतात अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच खात वाढते. म्हणजे दुकानातून आणलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातही ती असू शकतात, आणि माझं घट्ट झाकण त्यांना आतच सांभाळत होतं. तुझ्याकडे फ्रीजर असेल तर नवीन आणलेला तांदूळ किंवा पीठ उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेव, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, आतलं घरच्या तापमानाला येऊ दे. नाहीतर थंड दाण्यांवर दव धरेल आणि किड्यांऐवजी बुरशी पोसशील.

कुणीतरी तुला धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या सुचवेल. हे मात्र ओरडून सांगते: त्या घरात आणायच्या नाहीत. ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि बंद घरात झोपलेली माणसं त्याने मेली आहेत. तुझ्याकडे तान्हं मूल आहे. विषय संपला.

बुरशीचंही तसंच. वरवरचं काढून टाकलं, धुतलं, उन्हात घातलं की झालं, असं लोक म्हणतात. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर जातं आणि शिजवण्याने जात नाही. मक्यात आणि शेंगदाण्यात तर विशेष जपायचं. कुबट वास आला की फेकून द्यायचं. जीव तुटतो, मला माहीत आहे, मी अर्धं पिंप फेकलं आहे.

राजम्याकडे परत येते, कारण तुझ्या यादीतली सर्वांत मोठी चूक तीच आहे. कडधान्य वर्षानुवर्षं टिकतं हे खरं. पण उष्ण आणि दमट जागी पडून राहिलं की दाणा असा बदलतो की कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही. पोषण बरंचसं राहतं, पण ते ताटात येईपर्यंत तुझं इंधन संपतं. आणि इंधन वाचवायला राजमा अर्धाकच्चा खाल्लास तर आणखी वाईट. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. ते घालवायला खळखळत्या उकळीवर अर्धा तास तरी लागतो, मंद आचेवर ते जात नाही. पाणी कमी, औषध नाही, आणि घरभर जुलाब, असं व्हायला नको. मसुराला भिजवावंही लागत नाही, सोललेला तर वीस मिनिटांत शिजतो. तुझी आई तो आठवड्यातून तीनदा करते. मग तोच घे ना! मी एवढी चिडते आहे कारण उत्तर तुझ्या स्वयंपाकघरात रोज शिजतंय आणि तू ते बाहेर शोधतो आहेस.

आता किती, ते सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आसपास धर. आपत्तीत अन्न वाटणाऱ्या संस्था २,१०० धरतात. ४०० ग्रॅम धान्य, ७० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम साखर, एवढ्यात ते जवळपास भागतं. दोन आठवड्यांचं एका माणसाचं धान्य ५.६ किलो होतं आणि डाळ एक किलोला थोडी कमी. तुम्ही तीन मोठी माणसं. म्हणजे सतरा किलो धान्य, तीन किलो डाळ, सव्वा किलो तेल. बस. एका फडताळात मावतं. हा आकडा कागदावर मांडून बघ, म्हणजे शंभर किलो गव्हाची भीती आपोआप उतरेल.

आणि वर्षभराचं कोण मागतंय तुझ्याकडे? स्वीडनने २०१८ मध्ये घरोघरी पत्रक पाठवलं, २०२४ मध्ये पुन्हा पाठवलं, त्या नव्या पत्रकात सांगितलं की आठवडाभर स्वतःच्या बळावर निभावता यायला हवं. जर्मनीचं नागरी संरक्षण खातं दहा दिवस म्हणतं. जपानमध्ये, जिथे भूकंप नित्याचा, किमान तीन दिवसांचं आणि जमल्यास आठवड्याचं ठेवायला सांगतात. त्यांच्याकडे त्या पद्धतीला ‘फिरता साठा’ अशा अर्थाचं नावच आहे: थोडं जास्त आणायचं, जुनं आधी खायचं, खाल्लं तेवढं भरायचं. माझ्या शेजारणीने हे नाव कधी ऐकलं नसेल.

हवा शोषणाऱ्या पुड्यांबद्दल तू विचारलंस. त्या खऱ्या आहेत. आत लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना पिशवीतला प्राणवायू ओढून घेते. हवेत तो २१ टक्के असतो, म्हणून पिशवी आकसून दाण्यांना चिकटते. अशा पिशवीत, थंड जागी, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ तीस वर्षंही टिकतो. हातसडीचा टिकत नाही, त्याच्या कोंड्यातलं तेल सहा महिन्यांत खवट व्हायला लागतं. कणकेचंही तेच. साखरेत ती पुडी टाकलीस तर साखरेचा दगड होईल. ओलसर पदार्थात तर मुळीच नको, कारण बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जिवाणू नेमके प्राणवायू नसलेल्या ओलसर जागी वाढतात. पण मला सांग, तीस वर्षं टिकणाऱ्या तांदळाचं तू काय करणार आहेस? तीस वर्षं न उघडलेल्या पिशवीत काय आहे, हे तुला कसं कळणार? मला पाच वर्षांत कळलं नव्हतं. तुमच्या घरी तांदूळ दीड महिन्यात संपतो. दीड महिन्यात संपणाऱ्या तांदळाला घट्ट झाकणाचा कोरडा डबा पुरतो. डबा जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, चुलीपासून लांब. तेल अंधारात. साबण आणि रॉकेलच्या शेजारी काही ठेवू नकोस, पीठ आणि तेल वास ओढतात.

पाणी तुझ्या यादीत नाहीच. कोरडा तांदूळ पाण्याशिवाय वाळूसारखा. पिण्याला आणि शिजवायला मिळून माणशी दिवसाला तीन लिटर हे अगदी कमीत कमी. तिघांचं आठवड्याचं ६३ लिटर झालं, बाळाचं वेगळं. आधी हे कर, मग बादल्या. आणि इंधन: भाताला उकळी आली, पाच मिनिटं गेली की भांडं उतरवून जाड रजईत गुंडाळून ठेव, तासाभरात आतल्या आत होतो. महिन्यातून एक दिवस असा भात करून बघ. संकटाच्या दिवशी घाबरत शिकण्यापेक्षा आज शिक.

बाळाचं वेगळं लिहिते. त्याचं खाणं दर दोन महिन्यांनी बदलणार. आज वर्षभराचे डबे घेतलेस तर बाळ पुढे जाईल आणि डबे मागे राहतील. वरच्या दुधाची पावडर देत असाल तर तारीख उलटलेली नको, नाहीच. अंगावर पीत असेल तर बाळाचा साठा म्हणजे तुझ्या बायकोचं जेवण आणि पाणी. तिच्या वाट्याला जास्त धर. तुझ्या आईच्या रक्तदाबामुळे डबाबंद खारट पदार्थांवर भिस्त नको. तिला चावता येतं का, तेही विचार. मी विचारलं नव्हतं.

लोक तुला साठेबाज म्हणतील. मला म्हणाले. नातेवाइकांत एकीने तोंडावर म्हटलं की तुम्ही घेता म्हणून इतरांना मिळत नाही. मला ते अजून सलतं, म्हणून जरा लांब लिहिते. बाजार भरलेला असताना दर वेळी एक पाकीट जास्त आणलं तर कुणाचं काय हिरावलं? संकट आल्यावर जी रांग लागते, त्या रांगेत मी नसते. माझ्या वाटचं त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळतं. शेजारीण ते भांडं घेऊन आली ती तिच्याकडे होतं म्हणून आली. हातावर पोट असलेल्या माणसाला आगाऊ पाकीट आणता येत नाही, त्याच्यासाठी तरी ज्यांना जमतं त्यांनी त्या दिवशी दुकान मोकळं ठेवावं. पिंपं भरली यात माझी चूक नव्हती, हे मी आजही म्हणते. हे आता नाहीत, नाहीतर त्यांच्याशीही वाद घातला असता. चूक एवढीच की मी शिजवलं नाही. उघडून बघ म्हणाले तेव्हा उघडलं असतं तर सोंडे दिसले असते, राजमा मऊ असतानाच संपला असता आणि सासूबाई दोन दिवस गूळ-पाण्यावर राहिल्या नसत्या.

माझ्या मुलीला डब्यांवर चिकटवलेल्या तारखांचा वैताग येतो. येऊ दे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मागची रांग पुढे घेते, आणि त्या आठवड्यात घरात त्याच डब्यांतलं शिजतं. पाहुणे आले तरी तेच.

आता तू एक कर. पुढचे चौदा दिवस घरात जे शिजेल ते रोज रात्री एका ओळीत लिही. बाळाने काय खाल्लं, आईने काय टाकलं, तेही. ती वही मला पाठव, मग दोघं मिळून खरी यादी करू. तोवर काही मागवू नकोस. राजमा आधीच मागवला असशील तर दहा किलो माझ्याकडे पाठवून दे, आमच्याकडे आता दर आठवड्याला होतो.

तुझी,
मावशी