अर्दुइनोवर ५० क्विंटल सोयाबीनची पट्टी उणे का येते?
लातूरच्या आडतीसाठी तुम्ही अर्दुइनो उनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर हिशोब बसवलाय. ५० क्विंटल गुणिले ४,८९२ रुपये भाव म्हणजे २,४४,६०० यायला पाहिजेत, पण स्क्रीनवर −१७,५४४ दिसतंय. वजन बरोबर आहे, भावही बरोबर आहे. घोळ इंटचा, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या व्हेरिएबलच्या प्रकाराचा आहे.

सी भाषेत व्हेरिएबल म्हणजे मेमरीतली ठरावीक बाइटांची जागा. उनोवर इंटला २ बाइट मिळतात, त्यात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढंच मावतं. त्यापुढचे वरचे बिट गळतात, आणि उरलेल्या १६ पैकी सगळ्यात वरचा बिट १ असला की संख्या उणे वाचली जाते. लॅपटॉपवर हाच कोड नीट चालेल, कारण तिथं इंट बहुधा ४ बाइटांचा असतो.

खरी मेख पुढं आहे. नुसतं उत्तराचं व्हेरिएबल लाँग, म्हणजे जास्त बाइटांचं, करून भागत नाही. दोन इंटांचा गुणाकार इंटमध्येच होतो आणि बिघडलेला आकडाच लाँगमध्ये जाऊन बसतो. म्हणून गुणाकाराआधीच वजन किंवा भाव, निदान एक तरी, इंट३२_टी (कुठंही ३२ बिटांचाच राहणारा पूर्णांक) करा.

अनसाइन्ड इंट, म्हणजे उणे संख्या न ठेवणारा इंट, मात्र करू नका. उणे चिन्ह जाईल आणि ४७,९९२ येतील. हे जास्त वाईट, कारण आकडा खरा वाटतो आणि शेतकऱ्याच्या हातात तीच पट्टी पडते.

पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांश संख्येचा प्रकार, तोही नको, उनोवर त्याचे ६-७ आकडेच भरवशाचे. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. इंट३२_टीमध्ये २ कोटी १४ लाख रुपयांपर्यंत जागा आहे.