शंभरी उलटलेलं १९११ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी पत्रांमधले बरेचसे प्रश्न एकाच पिस्तुलाबद्दल, अमेरिकी लष्कराने वापरलेल्या ‘१९११’ बद्दल, होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. उत्तरांतली मापं पाच इंची नळीच्या, .४५ एसीपी काडतुसाच्या पिस्तुलाची आहेत. जिथे वेगळं माप आहे तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : प्लास्टिक फ्रेमची, हलकी, सतरा राउंड (काडतुसं) घेणारी पिस्तुलं सगळीकडे मिळतात. तरी नेमबाज या जड, सात राउंडच्या पिस्तुलाला का धरून आहेत? हे नुसतं जुन्याचं प्रेम नाही का?

जुन्याचं प्रेम आहेच, पण तेवढ्यावर पन्नास यार्डांवरून दहाच्या वर्तुळात गोळ्या बसत नाहीत. मुख्य कारण ट्रिगर.

बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर वरच्या पिनेवर टांगलेला असतो आणि दाबला की कमानीत फिरतो. १९११ मध्ये तो टेबलाच्या खणासारखा सरळ मागे सरकतो. ट्रिगरला मागे पातळ पोलादी पट्टीची चौकट जोडलेली असते. ती मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी जाते आणि डिस्कनेक्टर या मधल्या दुव्यामार्फत सिअरला, म्हणजे हॅमरला (घोड्याला) अडवून धरणाऱ्या खटक्याला, ढकलते. हॅमर आधीच उभारलेला असल्यामुळे तो मागे खेचायचं काम बोटाकडे नसतं. सिअरची कड हॅमरच्या खाचेतून निसटवली की झालं, आणि ही खाच जेमतेम ०.०२ इंच खोल असते. नीट बसवलेल्या पिस्तुलात बोटाला थोडी मोकळी चाल लागते, मग ठाम अडथळा, आणि मग वाळकी काटकी मोडावी तसा हॅमर सुटतो. सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे धावत नाही, त्यामुळे त्याच क्षणी हलायची साईट (नेम धरायची खूण) जागेवर राहते.

याचं मोल कळायला अमेरिकेतली बुल्सआय स्पर्धा पाहावी. एका हातात पिस्तूल. ५० यार्डांवर १० मिनिटांत १० गोळ्या, मग २५ यार्डांवर २० सेकंदांत ५ आणि १० सेकंदांत ५. पन्नास यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं असतं. हात थरथरणारच, तो कुणाचाही थरथरतो. प्रश्न एवढाच, की बोटाने त्या थरथरीत आणखी भर घातली का. सरळ मागे जाणारा ट्रिगर ती भर कमीत कमी घालतो.

दुसरं कारण मुठीचं. काडतुसं एकाच रांगेत असल्याने मूठ सडपातळ राहते आणि लहान पंजाचं बोटही ट्रिगरपर्यंत सरळ पोचतं. ट्रिगर लांब-आखूड बदलता येतो. मुठीच्या पाठीचा तुकडा, म्हणजे मेनस्प्रिंग हाउसिंग, सपाट किंवा फुगीर निवडता येतो. पिस्तूल उचललं आणि साईट आपोआप ओळीत आली नाही, तर आधी हा तुकडा बदलून पाहावा. सपाट तुकड्याने बऱ्याच हातांत नळी थोडी खाली येते, फुगीर तुकड्याने वर जाते.

प्रश्न : लष्कराच्या चाचणीत या पिस्तुलाने सहा हजार गोळ्या एकदाही न अडता झाडल्या म्हणतात. मग आजचं नवं, महागडं १९११ पहिल्या पाचशेतच का अडतं?

चाचणीची गोष्ट खरी आहे. मार्च १९११ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलाने सहा हजार गोळ्या झाडल्या. तापलं की ते पाण्यात बुडवून गार करत. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल मागे पडलं आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ब्राउनिंगचं पिस्तूल स्वीकारलं. सेवेतलं मुख्य पिस्तूल म्हणून ते १९८५ पर्यंत टिकलं.

मात्र ते पिस्तूल एकाच काडतुसासाठी घडवलं होतं : २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), गोल नाकाची, पूर्ण आवरणाची गोळी. मॅगझिनच्या ओठांचा (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडांचा) उतार, फ्रेमवरचा चढ, नळीचं मागचं तोंड, सगळं त्या एका नाकाच्या आकाराला जुळवलेलं. शिवाय स्लाइड (पुढे-मागे सरकणारा वरचा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) यांच्यात मोकळीक होती. हलवलं तर खुळखुळायचं, आणि वाळू गेली तरी चालायचं.

आज आपण त्याच्याकडून दुसरंच काहीतरी मागतो. अचूकता हवी म्हणून स्लाइड घट्ट बसवतात. गोळी पोकळ टोकाची किंवा सपाट नाकाची असते. नळी तीन इंचांची केली की स्लाइडची चाल आखूड होते आणि मॅगझिनला पुढचं काडतूस वर उचलायला वेळ पुरत नाही. त्यात सुटे भाग अनेकांचे, प्रत्येकाचं माप केसभर वेगळं. दुसऱ्या महायुद्धात टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने हीच पिस्तुलं लाखोंनी काढली, पण तिथे प्रत्येक भाग एकाच नकाशाच्या मापाला तपासला जायचा. आज बाजारातल्या ‘१९११ साठी’ छाप भागांना तशी एकच तपासणी नाही.

घट्ट बसवलेलं नवं पिस्तूल असेल तर पहिल्या ३०० ते ५०० गोळ्या २३० ग्रेन गोल नाकाच्याच वापराव्यात आणि तेलाचा हात जरा सढळ ठेवावा. त्यानंतरही अडत असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : अडण्याचं कारण ओळखायचं कसं? दुकानदार दर वेळी ‘फीड रॅम्प पॉलिश करा’ म्हणतो.

रॅम्पला, म्हणजे काडतूस नळीत चढवणाऱ्या चढाला, हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. फ्रेमवरचा चढ आणि नळीच्या मागच्या तोंडाचा चढ यांच्यामध्ये सुमारे १/३२ इंचाची पायरी मुद्दाम ठेवलेली असते, नळीची कड किंचित पुढे. फिरत्या हत्याराने दोन्ही चढ एकसंध गुळगुळीत केले की ती पायरी जाते आणि काडतुसाचं नाक नळीच्या कडेवर आपटायला लागतं. फ्रेमवरून उडालेला धातू परत बसत नाही.

पहिला संशय मॅगझिनवर. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला क्रमांक घाला आणि अडलं की कोणतं होतं ते लिहून ठेवा. शंभर गोळ्यांत सगळे अडथळे दोन नंबरच्याच मॅगझिनचे निघाले, तर पिस्तुलाला दोष नाही. त्या मॅगझिनचे ओठ फाकलेत किंवा स्प्रिंग दमली आहे. सातच्या नळकांड्यात आठ राउंड बसवणाऱ्या काही मॅगझिनमध्ये स्प्रिंगला जागाच उरत नाही. त्यांत शेवटचं काडतूस हमखास नाक खाली घालतं.

मग अडलेलं काडतूस नीट बघा, झटक्यात काढून टाकू नका. नाक खाली, फ्रेमच्या चढावर रुतलेलं असेल तर मॅगझिन. नाक चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) छताला टेकलेलं, पोट नळीच्या खालच्या कडेवर आणि बूड मागे तिरकं अडकलेलं असेल, तर मॅगझिन किंवा फार घट्ट एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा). स्लाइड मिटायला जेमतेम तीन मिलिमीटर राहिले आणि अंगठ्याने ढकलल्यावर मिटली, तर एक्स्ट्रॅक्टर घट्ट आहे, चेंबर घाण आहे किंवा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) थकली आहे. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये चिमणीसारखी उभी अडकली, तर एक्स्ट्रॅक्टर ढिला, काडतूस कमजोर किंवा मनगट सैल.

प्रश्न : एक्स्ट्रॅक्टरचा ताण घरी तपासता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने शिकावा. हा भाग म्हणजे स्लाइडच्या उजव्या अंगाला लांबीभर बसवलेली स्प्रिंग पोलादाची एकसंध दांडी. वेगळी स्प्रिंग नाही. दांडीचा किंचित बाकच ताण देतो, आणि तो बाक काळाबरोबर जातो.

पिस्तूल रिकामं करून स्लाइड उतरवा, नळी आणि रिकॉइल स्प्रिंग काढा. एक डमी राउंड (दारू नसलेलं नकली काडतूस), जिवंत काडतूस अजिबात नाही, खालून वर सरकवत त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली घाला. बोटाच्या बेताच्या दाबाने ते आत गेलं पाहिजे. आता स्लाइड हळूच हलवा. राउंड डुलला तरी पडता कामा नये. लगेच पडला तर ताण कमी. आत घालायलाच अंगठा दुखला तर ताण जास्त, किंवा आकड्याची खालची कड बोथट केलेली नाही. मागून फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी सुई) जागेवर ठेवणारी फायरिंग पिन स्टॉपची पट्टीही तपासा. ती सैल असेल तर एक्स्ट्रॅक्टर स्वतःभोवती किंचित फिरतो, आणि पुंगळ्या कधी उजवीकडे, कधी कपाळावर येतात.

हा भाग खराब होतो तो बहुतेक एकाच सवयीने : काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडणे. या रचनेत काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येताना आकड्याखाली सरकते. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या कडेवरून आकड्याला उडी मारावी लागते, आणि दर उडीत बाक थोडा मोडतो. एकच गोळी झाडायची असली तरी ती मॅगझिनमधूनच भरा.

प्रश्न : पिस्तूल जोडताना डाव्या बाजूला कमानीसारखा ओरखडा पडला. काय चुकलं?

स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवून धरणारा डावीकडचा खटका) आत दाबताना त्याचं टोक फ्रेमवर घासत वर नेलं गेलं. स्लाइड मागे नेऊन तिची छोटी अर्धगोल खाच आणि फ्रेमचं भोक ओळीत आणा. नळीखालच्या लिंकचं (छोट्या दुव्याचं) भोक दिसेल अशी स्टॉपची पिन आत सरकवा, पण स्टॉप आडव्या रेषेच्या किंचित खालीच ठेवा आणि फ्रेमपासून कागदभर दूर धरा. मग तो सरळ वर नेऊन छोट्या स्प्रिंगदार प्लंजरला टेकवा. प्लंजर पातळ प्लास्टिकच्या तुकड्याने आत ढकलला की स्टॉप टक् करून बसतो. सुरुवातीला फ्रेमवर त्या जागी चिकटपट्टी लावा.

उतरवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. नळीच्या पुढच्या तोंडाजवळचं बुशिंग (नळीभोवतीचं कडं) फिरवलं की त्याखालचा प्लग पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगवर असतो. अंगठा निसटला तर तो थेट चेहऱ्याकडे येतो.

प्रश्न : हॅमर उभारलेला, सेफ्टी लावलेली, चेंबर भरलेलं. हे पाहून भीती वाटते. हॅमर खाली ठेवणं जास्त सुरक्षित नाही का?

नाही. भरलेल्या चेंबरवर हॅमर अंगठ्याने खाली सोडताना ट्रिगर दाबावा लागतो आणि एका घामट अंगठ्यावर सगळी भिस्त असते. अपघात नेमका तिथेच होतो. उभारलेल्या स्थितीत अंगठ्याची सेफ्टी सिअरला अडवते आणि स्लाइडलाही कुलूप लावते. मुठीची सेफ्टी दाबली नसेल तर ट्रिगर मागेच जात नाही.

मैदानावर मात्र रांगेत उभं राहून झाडण्याआधी चेंबर भरायचं कारणच नाही. रिकामं करताना क्रम चुकवू नका : आधी मॅगझिन बाहेर, मग सेफ्टी खाली (सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे येत नाही), स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं.

पिस्तूल नळीवर आपटून पडलं तर जुन्या रचनेत फायरिंग पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ शकते. कोल्ट कंपनीने १९८३ पासून सिरीज ८० या मालिकेच्या पिस्तुलांत पिन अडवणारा ठोकळा घातला. ट्रिगरची साखळी दोन छोट्या तरफांनी लांबते, पण चांगल्या कारागिराच्या हातून त्याचाही ट्रिगर स्वच्छ होतो. ठोकळा नसलेल्या पिस्तुलात हलकी टायटॅनियमची पिन आणि जड स्प्रिंग घालतात.

प्रश्न : ट्रिगर घरीच हलका करावा का?

करू नका. सिअर आणि हॅमरच्या कडा सहाणेवर घासल्या की कोन बदलतो. मग स्लाइड पुढे आपटल्यावर हॅमर मागोमाग खाली येतो, किंवा एका दाबात दोन गोळ्या सुटतात. चार पौंडांचा स्वच्छ ट्रिगर अडीच पौंडांच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा केव्हाही चांगला. तुम्ही तपासू शकता ती तीन पात्यांची सिअर स्प्रिंग : डावं पातं सिअरवर, मधलं डिस्कनेक्टरवर, उजवं मुठीच्या सेफ्टीवर. पातं जागेवरून सरकलेलं असेल तर ट्रिगर विचित्र वागतो. हलका ट्रिगर असलेल्या पिस्तुलाची स्लाइड रिकाम्या चेंबरवर सोडून देऊ नका, हाताने धरून पुढे न्या.

प्रश्न : मुठीची सेफ्टी कधीकधी दाबलीच जात नाही. हात बारीक असल्यामुळे?

हात बारीक असो वा जाड, अंगठा वर, अंगठ्याच्या सेफ्टीच्या पट्टीवर ठेवला की तळवा मागून उचलला जातो. खालच्या टोकाला उंचवटा असलेली मुठीची सेफ्टी बसवून घ्या. तिची मागची शेपटी लांब असेल तर हॅमर अंगठ्याच्या बेचक्यात चावणंही थांबतं.

प्रश्न : स्प्रिंग कधी बदलायची? आणि ९ एमएममध्ये हेच पिस्तूल घेतलं तर?

पूर्ण ताकदीच्या काडतुसांसाठी रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची. साधारण २,००० ते ३,००० गोळ्यांनंतर बदला आणि सोबत फायरिंग पिनची स्प्रिंगही. नवी स्प्रिंग शेजारी धरून लांबी ताडून पाहा, जुनी ठळकपणे आखूड दिसली तर वाट पाहू नका. हलक्या सराव-काडतुसांना १२ ते १४ पौंड पुरतात. १६ ची ठेवली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळ्या अडकतात. उलट हलकी स्प्रिंग घालून जड काडतुसं झाडली तर स्लाइड फ्रेमवर आपटत राहते.

९ एमएमचं १९११ नवं नाही, कोल्टने १९५० मध्ये कमांडर हे मॉडेल त्याच काडतुसात काढलं होतं. धक्का कमी, सराव स्वस्त. पण काडतूस आखूड असल्यामुळे मॅगझिनमध्ये अडसर घालावा लागतो आणि मॅगझिनची निवड .४५ पेक्षाही जपून करावी लागते. पिस्तूल घेतानाच त्याच्यासोबत चाललेली दोन मॅगझिन उचला आणि त्यांवर १ आणि २ लिहा.