लूप चालू असताना लिस्टला हात लावायचा का?

प्रश्न: पायथन शिकतोय. लिस्ट होती २, ४, ५, ६, ८. फॉर लूप लावून सम आकडे रिमूव्हने काढले, तर शेवटी ४, ५, ८ उरले आणि एरर पण नाही. मित्र म्हणतो जावामध्ये असं होत नाही. खरंय का?

उत्तर: मित्राचं बरंचसं खरंय, पण पूर्ण नाही. पायथनचा लूप आत फक्त कितव्या जागेवर आहोत एवढंच लक्षात ठेवतो. पहिल्या जागेवरचा २ काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे येतात, म्हणजे ४ पहिल्या जागेवर येऊन बसतो आणि लूप मात्र दुसरी जागा बघायला निघून गेलेला असतो, तिथे त्याला सापडतो ५. मग ४ कडे बघणार कोण? ८ पण तसाच सुटला. गंमत म्हणजे हाच पायथन डिक्शनरीच्या (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारी रचना) बाबतीत कडक आहे, लूपमध्ये तिची साइझ बदलली की लगेच रनटाइम एरर. जावास्क्रिप्टमध्ये फॉर-ऑफ लूप लावून स्प्लाइसने (त्या जागेवरचा आकडा काढणारं फंक्शन) सम आकडे काढलेत तरी हेच ४, ५, ८.

जावाची अॅरेलिस्ट (तिथली नेहमीची लिस्ट) आपल्यात किती बदल झाले ते मोजत असते, त्यामुळे २ काढून पुढचा आकडा मागितला की कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन नावाची एरर येते (कॉन्करंट म्हणजे एकाच वेळी; पण थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये चालणारी कामाची साखळी, एकच असला तरी नाव हेच, नवीन माणूस घाबरतो). पण तुमच्याच लिस्टमधून फक्त ६ काढून बघा. शेवटून दुसरा आहे ना तो, मग एरर येतच नाही, साइझ ४ झाली आणि लूपही चौथ्यावर म्हणून संपलं समजून तो थांबतो, ८ न बघताच! त्यामुळे त्या एरर वर विसंबू नका, सरळ रिमूव्हइफ (अट जुळणारे सगळे काढून टाकणारं फंक्शन) वापरा, २०१४ च्या जावा ८ पासून आहे.

सी++ मध्ये व्हेक्टरवर (तिथली लिस्ट) असं केलंत तर काय होईल याची कसलीच हमी नाही, कधी चालेल कधी क्रॅश. रस्ट तर प्रोग्राम कंपाइलच होऊ देत नाही, आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात बरं, रात्री दोनला बग शोधत बसायला नको. तिथे रिटेन (अट जुळणारे तेवढेच ठेवणारं फंक्शन) वापरायचं.

तुम्ही पायथनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (चौकटी कंसात एकाच ओळीत लूप आणि अट लिहून) विषम आकड्यांची नवीन लिस्ट बनवा. तीच लिस्ट दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही वापरत असाल तर डावीकडे नावापुढे चौकटी कंसात कोलन टाकून असाइन करा, म्हणजे मूळ लिस्टच बदलते.