गौतम राजाध्यक्षांसारखे पोर्ट्रेट काढायला कोणता कॅमेरा घ्यावा? आजच्या काळात त्यांच्या कामाचा काही उपयोग आहे का?

कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो. प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की "त्यांचे फोटो म्हणजे त्या काळातला ब्युटी फिल्टरच", त्याचा समाचार आधी घ्यायला हवा. हेच वाक्य एका स्टुडिओमालकाच्या तोंडून ऐकत मी नोकरी केली आहे.

सिनेतारकांचे फोटो काढणारे राजाध्यक्ष घराघरात पोचले ते मासिकांच्या मुखपृष्ठांमुळे. ऐंशी-नव्वदच्या दशकात रंगीत मुखपृष्ठं बहुतेक ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे निगेटिव्ह न बनता थेट रंगीत चित्र उमटणाऱ्या स्लाइड फिल्मवर, व्हायची आणि ती फिल्म कोणाची गय करत नाही. उजेड थोडा जास्त पडला की कपाळ पांढरं फटक, फ्रेम बाद. कृष्णधवल निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवणारे कारागीर गल्लोगल्ली होते, पण रंगीत ट्रान्सपरन्सीवर हात चालवणं महागही आणि जोखमीचंही. म्हणजे जो काही मऊपणा आणायचा तो शटर दाबायच्या आधीच आणावा लागे. दिवा केवढा, किती लांब, किती वर, हनुवटीखालून किती उजेड परत फेकायचा, हे आधी ठरवायचं. फिल्टर नंतर लागतो, हे सगळं आधी. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

आता तो मालक. फोटोशॉप नुकतंच छोट्या स्टुडिओंत शिरलं होतं तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स, बाई पंचाहत्तरीच्या कार्यक्रमासाठी फोटो काढायला आल्या. मुलगा बरोबर. बाई ताठ, नऊवारी नेसलेल्या, जाड भिंगांचा चष्मा. चष्म्यात आमची दिव्याची छत्री अख्खी दिसत होती. मालकाने नेहमीप्रमाणे खण उघडून काच नसलेल्या रिकाम्या फ्रेमा काढल्या. जुन्या स्टुडिओंत असा खण असायचाच. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचा चष्मा मी घालणार नाही." मालक चहाला निघून गेला.

मग मी दिवा वर चढवला आणि बाईंच्या चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलल्या. भिंगं अगदी थोडी खाली झुकतात आणि झळाळी निघून जाते, समोरून कळतही नाही. हनुवटीखाली थर्माकोल धरला. तरी चेहरा फोटो काढून घेणाऱ्याचाच, दगडी. सहज विचारलं, रात्रपाळीला डुलकी काढणाऱ्या नर्सचं काय करायचात? बाईंनी मान जराशी वाकडी करून, चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं, तो फोटो. ओरडायच्या बेतात, पण डोळ्यांत हसू. नाकावर चष्म्याने वर्षानुवर्षं पाडलेले दोन खळगेही स्पष्ट.

मालकाने परत येऊन ते खळगे बुजवले, गळ्याच्या वळ्या काढल्या, गाल पॉलिश केले. मी हरकत घेतली तर म्हणे, "राजाध्यक्ष काय वेगळं करतात?" मुलाने तोच मोठा करून फ्रेमसकट नेला. आठवड्याभरात बाई एकट्या आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "तो दुसरा, न पुसलेला, छोट्या साइझमध्ये दे. पेन्शनच्या कागदाला हा लावला तर कारकून मला ओळखायचा नाही." मालकाचं उत्तर ठरलेलं: "पैसे कुठल्या फोटोचे जास्त मिळाले?" त्याचे, कबूल. पण यात राजाध्यक्षांचं नाव घ्यायचं कारण नव्हतं.

राजाध्यक्षांचं 'फेसेस' हे पुस्तक १९९७ मध्ये आलं, मराठीत 'चेहरे'. दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंतची माणसं त्यात आहेत. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा आणि राजाध्यक्ष नटनट्यांचे फोटो काढू लागले १९८० च्या सुमारास. करा हिशेब. ज्याला फक्त कोवळे गाल हवे असतात तो पंचाहत्तरीच्या बाईपासून पुस्तक सुरू करत नाही. ते पुस्तक नुसतं फोटोंचं नाही, माणसांबद्दल लिहिलेलंही आहे, हे लोक विसरतात. 'बेखुदी' सिनेमाच्या पटकथेत त्यांचा हात होता, 'चंदेरी' पाक्षिकाचं संपादन त्यांनी केलं. गप्पा मारणारा, गाण्यातलं कळणारा, समोरच्याचं आधीचं काम माहीत असलेला माणूस कॅमेऱ्यामागे असला की चेहरा सैल पडतो. वारसा म्हणाल तर तो हा. आज त्यांची नक्कल करणाऱ्यांनी मऊ उजेड तेवढा उचलला. समोरच्याशी बोलायचं मात्र सगळ्यांनी टाळलं, कारण त्याचं ॲप मिळत नाही.

आणखी एक. लिंटास या जाहिरात कंपनीत ते १९७४ पासून होते, नोकरी सोडली १९८७ मध्ये. म्हणजे नाव होत असतानाही कित्येक वर्षं पगार चालू होता. तुम्ही पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचं लिहिलंय म्हणून सांगतो.

आता, त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. काही फॅशनचे फोटो आज बघताना केस आणि खांद्यांचे पॅडच आधी दिसतात. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा देखणी माणसं आणि हाताशी उत्तम मेकअप करणारे असत, आपल्याकडे मेट्रन बाई येतात. तुम्ही त्यांना 'भारतातले पहिले' पोर्ट्रेट फोटोग्राफर म्हणता तेही सोडा. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी पन्नासच्या दशकात सिनेमावाल्यांचे जे कृष्णधवल चेहरे काढले ते आधी पाहा. फोटोग्राफर जितेंद्र आर्यांची मासिकांची मुखपृष्ठंही राजाध्यक्षांच्या आधीची. राजाध्यक्ष त्या रांगेतले, पुढे जाऊन स्वतःची वाट काढणारे. १३ सप्टेंबर २०११ ला गेले तेव्हा एकसष्ट पूर्ण व्हायला तीन दिवस होते.

हं, कॅमेरा. आहे तोच चालेल. पैसे घालायचेच असतील तर ८५ मिमीच्या आसपासची एक लेन्स घ्या, सेकंडहँड घेतली तरी बिघडत नाही. दिवा एकच, पण मोठा, आणि माणसाच्या जवळ. आणि थर्माकोलला पैसे देऊ नका, फ्रिजच्या दुकानामागे फुकट पडलेला असतो.