इंग्लंडमध्ये अलॉटमेंट (भाज्या लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळालं आहे. घरात रेडिएटरवरच्या खिडकीत वाढवलेली कोबी-फ्लॉवरची रोपं बाहेर लावली की मान टाकतात. काय चुकतंय?

रोपं रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवली होती असं तुम्ही लिहिलंय, तिथेच निम्मं उत्तर आहे. लेस्टरमध्ये पहिल्या वर्षी मीही हेच केलं. रोपाला ऊब हवी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. टोमॅटो-मिरचीला हवीच, पण कोबी, फ्लॉवर, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स ही सगळी मोहरीची भावंडं, थंडीची पिकं. ऊब जास्त आणि मार्चचा उजेड कमी, की देठ सुतळीसारखा लांबतो. बी उगवलं की ट्रे लगेच थंड पण उजेडाच्या जागी हलवा, पोर्चसुद्धा चालतो. आत्ताची लांबलेली फेकू नका. मोठ्या कुंडीत लावताना पहिल्या दोन पानांपर्यंत देठ मातीत पुरा, सावरतात.

मग बाहेरच्या हवेची सवय: दहा-बारा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत, शेवटी रात्रीही बाहेर. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. पाच-सहा खरी पानं (बी उगवताना येणारी पहिली दोन सोडून) आली की प्लॉटवर न्या. फ्लॉवर तर कुंडीत अजिबात ताटकळत ठेवू नका, नाहीतर बटणाएवढा गड्डा धरून तिथेच थांबतो.

एकदा बाबा इथे आले होते. त्यांचं आयुष्य भुसभुशीत वाफे करण्यात गेलेलं. मी रोपाभोवतीची माती बुटाच्या टाचेने दाबतोय हे बघून म्हणाले, "अरे, रोप लावतोयस की खुंटा ठोकतोयस?" खुंटाच ठोकायचा असतो. ही झाडं वर जड होतात आणि इथला वारा ती हलवत राहतो. माती सैल असेल तर मूळ धरत नाही. खड्ड्यात पाणी भरा, ते जिरलं की रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावा आणि माती आवळा. मग एक पान चिमटीत धरून ओढा. पान फाटलं तर चालेल, रोप हलता कामा नये. अंतर कोबीला साधारण ४५ सेंमी, फ्लॉवरला ६०, स्प्राउट्सना ७५ ठेवा. सुरुवातीला वाफा उजाड दिसतो, दिसू दे.

एवढं करूनही मान टाकली तर एक रोप उपटून मूळ बघा. मूळ सुजून गाठाळ झालं असेल तर क्लबरूट. ही बुरशीसारखी लागण मातीत वीसेक वर्षं टिकते आणि आम्लधर्मी मातीत जास्त माजते, म्हणून हिवाळ्यात चुना घालून सामू (pH) ७ च्या वर न्या. शेजारच्या प्लॉटवाल्या आजोबांना विचारा, कोणत्या तुकड्यात लागण आहे ते त्यांना तोंडपाठ असतं. मुळं कुरतडलेली आणि पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ते कोबीच्या मुळांवरच्या माशीचं काम. पुढच्या वेळी लावतानाच पुठ्ठ्याची वीतभर चकती देठाभोवती घट्ट बसवा, म्हणजे माशीला बुडाशी अंडी घालता येत नाहीत.

गोगलगायींसाठी शेडमध्ये मेटाल्डिहाइडच्या जुन्या गोळ्या सापडल्या तर वापरू नका, २०२२ पासून बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या चालतात.

आणि जाळी रोपं लावाल त्याच दिवशी. "उद्या लावू" म्हणून मी घरी गेलो आणि सकाळी कबुतरांनी अठरा रोपांचे नुसते देठ ठेवले होते. छिद्रं ७ मिमीपेक्षा मोठी नकोत आणि जाळी पानांना टेकू देऊ नका, नाहीतर पांढरी फुलपाखरं बाहेर बसूनच पानांवर अंडी घालतात.