फिलाडेल्फियाच्या नदीकाठी दिसलेली ती दोन विमानवाहू जहाजं कोणती?

तुम्ही लिहिलंय की फिलाडेल्फियाला विमान उतरताना खिडकीतून करड्या युद्धनौकांची रांग दिसली, म्हणून घरी येऊन गुगल अर्थ उघडलं. आत्ताच्या चित्रात विमानवाहू जहाज एकही नाही, पण मागच्या तारखा बघत २०१२ पर्यंत गेलात तर दोन दिसतात, आणि दोन्ही वरून अगदी सारखी. ती कोणती, आणि अशी जहाजं ओळखायची कशी, हे तुम्हाला हवंय. सोबत चित्रंही जोडलीत, आणि तिसऱ्या चित्रातलं रांगेच्या कडेचं जहाज कोणतं हेही विचारलंय.

ती दोन म्हणजे यूएसएस फॉरेस्टल आणि यूएसएस जॉन एफ. केनेडी. आता कुठली कोणती ते तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

आधी जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते ठरवा. विमानवाहू जहाजाचा डेक वरून लांबोळक्या फळीसारखा दिसतो आणि नवखा माणूस इथेच चकतो. डेकवरचा जो एकटा मनोरा असतो, ज्याला नौदलात आयलंड म्हणतात, तो या जहाजांवर उजव्या बाजूलाच असतो. चित्र असं फिरवा की आयलंड तुमच्या उजव्या हाताला येईल. आता स्क्रीनवर वरच्या अंगाला नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक आहे, खाली मागची बाजू.

मग उजव्या कडेने नजर फिरवा. डेकच्या कडेला बाहेर आलेले चौकोनी तुकडे दिसतील. त्या विमानं खालून वर आणायच्या लिफ्ट. फॉरेस्टलवर उजव्या बाजूला आयलंडच्या पुढे एक लिफ्ट आहे आणि मागे दोन. केनेडीवर बरोबर उलट, पुढे दोन आणि मागे एक. डावीकडची चौथी लिफ्टही तपासा. फॉरेस्टलवर ती तिरक्या धावपट्टीच्या पुढच्या टोकाला आहे, केनेडीवर मागच्या बाजूला. फॉरेस्टलची ती जागा अडचणीची ठरली, कारण विमानं उतरत किंवा उडत असताना लिफ्ट नेमकी त्यांच्या वाटेत यायची. अमेरिकी नौदलाने हे वापरून पाहिलं आणि पुढच्या जहाजांवर जागा बदलली. मला हा तपशील फार आवडतो. एवढ्या उंचीवरून घेतलेल्या चित्रात आपल्याला दिसतं की डेकवर काम करणाऱ्या लोकांना काय जाचत होतं.

लांबी मोजून ही दोन वेगळी करता येणार नाहीत. फॉरेस्टल सुमारे ३२५ मीटर आणि केनेडी सुमारे ३२०. गुगल अर्थच्या मोजपट्टीने मी एकच जहाज चार वेळा मोजलं तरी दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतात. चित्र थोडं तिरकं घेतलेलं असलं की आणखी फरक पडतो. पाच मीटरच्या भरवशावर नाव ठरवायचं नाही. केनेडीची आणखी एक खूण आहे: तिचं धुराडं सरळ उभं नसून बाहेर, उजवीकडे झुकलेलं आहे, म्हणजे धूर डेकवर न येता समुद्राकडे जावा. सावली लांब असलेल्या चित्रात हा कल छान दिसतो.

तारीखही तुमच्या बाजूने आहे. केनेडी २००७ मध्ये निवृत्त झाली आणि २००८ मध्ये फिलाडेल्फियाला आली. फॉरेस्टल १९९३ मध्ये निवृत्त झाली, बरीच वर्षं ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला होती आणि २०१० च्या जूनमध्ये इथे आणली गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला तोडायला नेली. ती तोडण्यासाठी नौदलाने भंगाराच्या कंपनीला दिलेली किंमत होती एक सेंट. १९६७ च्या जुलैत टाँकिनच्या आखातात याच फॉरेस्टलच्या डेकवर आग लागून १३४ माणसं गेली होती. त्यामुळे २०१३ चं चित्र उघडून तो डेक बघताना मी नेहमी जरा थांबतो. केनेडी जानेवारी २०२५ मध्ये गेली, तीही ब्राउन्सव्हिललाच. तुम्ही पाहिलेल्या ताज्या चित्रात जागा रिकामी आहे ती यामुळे. थोडक्यात, या धक्क्यावर दोन विमानवाहू जहाजं दिसली तर चित्र २०१० चा मध्य ते २०१४ ची सुरुवात यामधलं, आणि एकच दिसलं तर ते केनेडी.

तारखेबद्दल एक सावधगिरी. चित्राच्या तळाशी कंपनीच्या नावाशेजारी जे वर्ष छापलेलं असतं ते कॉपीराइटचं वर्ष, चित्र घेतल्याची तारीख वेगळी दाखवलेली असते. शिवाय गुगलचं चित्र वेगवेगळ्या दिवशीचे तुकडे जोडून केलेलं असतं. शिवण जहाजावरून गेली तर अर्धं जहाज एका महिन्यातलं आणि अर्धं दुसऱ्या. अशी लांबी मोजली की जगात नसलेलं जहाज सापडतं.

मोजपट्टी खरी उपयोगी पडते ती लहान जहाजांना. फिलाडेल्फियाच्या रांगेत विमानवाहूंपेक्षा फ्रिगेट (लहान युद्धनौका) आणि क्रूझर (त्याहून मोठ्या युद्धनौका) यांचीच संख्या जास्त असे. पेरी वर्गाचं फ्रिगेट सुमारे १३८ मीटर, टिकॉन्डेरोगा वर्गाचं क्रूझर १७३. इथे पस्तीस मीटरचा फरक आहे, दोन-तीन मीटरच्या चुकीने काही बिघडत नाही. विमानवाहू सोडून बाकीच्या जहाजांची रुंदीही मोजा आणि लांबीला रुंदीने भागा. युद्धनौका सडपातळ असतात, भागाकार नऊ-दहाच्या आसपास येतो. मालवाहू जहाजाचा सहा-सात येतो. एकाला एक चिकटवून बांधलेल्या, डेकवर माणूस नाही, रडारच्या जागा मोकळ्या, रंग उडालेला आणि गंजाचे पट्टे असं दिसलं की समजावं, जहाज निवृत्त आहे.

तसंच नदीपलीकडे कॅम्डेनला जा. तिथे न्यू जर्सी ही बॅटलशिप संग्रहालय म्हणून उभी आहे. २७० मीटर लांब आणि ३३ मीटर रुंद. ३३ च का, तर पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून, म्हणजे जहाजं वर-खाली करणाऱ्या बंदिस्त कप्प्यांमधून, जेमतेम पार व्हावी म्हणून. वरून तिचा आकार बाटलीसारखा दिसतो: लांब निमुळती मान, मग एकदम भरलेलं अंग. पुढे दोन आणि मागे एक असे तोफांचे तीन बुरूज, प्रत्येकात तीन नळ्या. असं जहाज एकदा पाहिलं की परत चूक होत नाही. २०२४ च्या वसंतात ती कॅम्डेनला सापडली नाही तर गोंधळू नका. दुरुस्तीसाठी ती काही महिने फिलाडेल्फियाच्या सुक्या गोदीत होती, आणि १९४२ मध्ये तिचं जलावतरण याच गोदीवाड्यात झालं होतं.

सावलीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक सावलीला चित्रातला दोष समजतात. वरून पाहिलेलं जहाज सपाट असतं. डोलकाठी एक ठिपका, धुराडं एक वर्तुळ, ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती खोली) नुसता चौकोन. पण सूर्य खाली असताना घेतलेल्या चित्रात तेच जहाज शेजारच्या पाण्यावर किंवा धक्क्यावर आडवं पसरतं आणि त्याची बाजूची आकृती मिळते, जी जुन्या नौदलाच्या पुस्तकात काळ्या रंगात छापलेली असते. उंचीही काढता येते. त्याच चित्रात उंची माहीत असलेली एखादी इमारत शोधा, तिची सावली मोजा, आणि त्या प्रमाणात जहाजाच्या डोलकाठीची उंची काढा. मी एकाच जागेची पाच-सहा तारखांची चित्रं उघडतो आणि ज्यात सावली सर्वांत लांब तेच कामाला घेतो. स्वच्छ दुपारचं सुंदर चित्र या कामाला सर्वांत निरुपयोगी.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आपली विमानवाहू विराट २०२० च्या सप्टेंबरअखेर गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवली गेली. तिला शोधायला मी बसलो आणि एक सपाट डेकचं, दोनशे मीटरच्या पुढचं जहाज सापडल्यावर लगेच चित्र जपून ठेवलं. दोन दिवसांनी परत पाहिलं तेव्हा लक्षात आलं की आयलंडच नाही आणि दोन्ही कडा सरळ समांतर आहेत. ते मोटारगाड्या वाहून नेणारं जहाज होतं. विराट साधारण २२६ मीटर, तिची नाळ स्की-जंपमुळे, म्हणजे विमानांच्या उड्डाणासाठीच्या चढणीमुळे, वर उचललेली, डेकची कडा डावीकडे बाहेर आलेली. यातलं काहीही मी तपासलं नव्हतं. मनात नाव आधी ठरवून चित्र पाहिलं की असं होतं. अलंगला आणखी एक अडचण आहे, तिथे जहाज दर महिन्याला लहान होत जातं. किनाऱ्याकडची नाळ आधी तोडतात आणि उरलेलं पुढे ओढत राहतात, म्हणून तिथे लांबीवर विसंबूच नका, रुंदी आणि आयलंडची जागा बघा.

डेक आणि लिफ्ट यांवर मी एवढा भर देतो त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये जेन्स डिफेन्स वीकली या साप्ताहिकाने अमेरिकेच्या केएच-११ या हेर उपग्रहाने घेतलेली तीन चित्रं छापली. काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव गोदीवाड्यात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, कीव्ह वर्गातलं चौथं विमानवाहू जहाज बांधलं जात होतं, ते त्यांत दिसत होतं. चित्रं पुरवणारा सॅम्युएल मॉरिसन अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात विश्लेषक होता. १९८५ मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं, २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. ते चौथं जहाज १९८७ मध्ये बाकू नावाने दाखल झालं, मग त्याचं ॲडमिरल गोर्शकोव्ह झालं आणि २०१३ मध्ये ते आपली विक्रमादित्य झालं. कीव्ह वर्गाच्या जहाजांचा पुढचा डेक क्षेपणास्त्रांच्या नळ्यांनी भरलेला असे. विक्रमादित्य करताना तो सगळा साफ करून स्की-जंप बसवला आणि लांबीसुद्धा २७३ ची साधारण २८४ मीटर झाली. चीनमध्ये त्यन्जिनला याच वर्गातली कीव्ह पर्यटनासाठी ठेवलेली आहे. दोन्हींची चित्रं शेजारी लावा. पुढचा भाग ओळखू येणार नाही, पण डेकच्या उजव्या अंगाचं ते लांबलचक आयलंड पाहिलं की दोघी बहिणी आहेत हे पटतं. म्हणून मी आधी ते शोधतो जे बदलायला सर्वांत महाग पडतं.

जुनी विक्रांत मी लहानपणी मुंबईत संग्रहालय असताना आतून पाहिली आहे. २१३ मीटर. १९९७ मध्ये निवृत्त, २०१२ पर्यंत लोकांसाठी खुली, आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखान्याला तोडायला गेली. तिच्या डेकवर उभं राहून मला ती संपतच नाही असं वाटलं होतं. मागच्या तारखा उघडून पाहिलं तर ती अंगठ्याच्या नखाएवढी आहे, आणि तरी मी तिची दोन्ही टोकं मोजली.

तुमच्या तिसऱ्या चित्रातलं, रांगेच्या कडेचं जहाज मला नक्की सांगता येत नाही, कारण ढगाची सावली नेमकी त्याच्यावर आहे. दुसरी तारीख लावून त्याची लांबी मोजा. १३५ ते १४० आली तर पेरी वर्गाचं फ्रिगेट, १७० च्या वर गेली तर टिकॉन्डेरोगा. आकडा आणि चित्राची तारीख इथे लिहा, मी पुन्हा बघतो.